चाळीस वर्षांनी माथेरान

नोकरीत असताना आमचा प्रवास रजेच्या दिवसांत बसेल तेवढाच असे. निवृत्तीनंतर दिवस पुष्कळ मिळाले, परंतु तोवर गुडघे कुरकुर करू लागले. सौभाग्यवतीच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सहा-सात महिन्यांनी डॉक्टरांनी सपाटीवर थोडे थोडे चालण्याची परवानगी दिली. तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, आता आईला कुठेतरी हवापालटाला घेऊन जा." सूनबाईने मसुरी, मनाली, श्रीनगर अशी नावे पुढे ठेवली. सौ. ने सर्व ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "मला माथेरानला जायचंय. लग्नानंतर एकदाच गेलो होतो. पुन्हा बघायचंय."

मुलाच्या कपाळावर आठी उमटली. ज्या गावात मोटार जात नाही, जिथे सर्व हिंडणे-फिरणे पायी किंवा घोड्यावर, तिथे शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याने जायचे? परंतु आमच्या घरात आईने एकदा ठरवले की पुढची चर्चा केवळ सामानाची उरते. जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पहिल्या भेटीनंतर बरोबर चाळीस वर्षांनी, आम्ही निघालो.

ढोकी ते नेरळ

आमचे ढोकी हे गाव अनेकांना तेरणा साखर कारखान्यामुळे ठाऊक आहे, तर काहींना जवळच्या तेरमुळे. आमच्या पिढीच्या मनात मात्र ढोकी म्हटले की प्रथम उभी राहते ती अरुंद रुळांवरून डुलत येणारी बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ही रेल्वे उभारली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा सुरू झाला आणि १९११ मध्ये ती आमच्या गावावरून लातूरपर्यंत पोहोचली. अडीच फूट रुंदीच्या त्या रुळांवरून या भागातील कापूस, कडधान्ये आणि गळिताचा माल बाहेर गेला आणि लातूर-बार्शीच्या पेठा फुलल्या. आपल्या समाजातील कितीतरी घरांच्या आडतीचा पाया या छोट्या गाडीने घातला. पुढे रुंद रूळ आले आणि ती गाडी इतिहासजमा झाली.

ही जुनी आठवण येथे सांगण्याचे कारण असे की, माथेरानच्या डोंगरी रेल्वेच्या आखणीतही याच कॅलथ्रॉपचे मार्गदर्शन होते. आमच्या सपाट, कोरड्या मुलखातील गाडी आणि सह्याद्रीच्या कड्यावर चढणारी गाडी एकाच माणसाच्या डोक्यातून निघाल्या, हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. १९८५ साली आम्ही नवरा-बायको ढोकीला छोट्या गाडीत बसलो, कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बदललो आणि नेरळला पुन्हा छोट्या गाडीत चढलो. तेव्हा एकाच प्रवासात एकाच गृहस्थाच्या दोन गाड्यांत बसण्याचा योग आपल्याला आला आहे, याची आम्हाला कल्पना नव्हती.

या वेळी धाराशिवहून रात्रीची लातूर-मुंबई गाडी पकडली, सकाळी कल्याणला उतरलो आणि कर्जतच्या लोकलने नेरळ गाठले. माथेरानच्या गाडीच्या दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात आणि डबेही थोडे. त्यामुळे तिकिटाच्या खिडकीपाशी वेळेआधी जाऊन उभे राहावे लागते. बँकेत आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाने म्हातारपणी बाहेरच्या बाजूला रांगेत उभे राहणे हेही एक प्रायश्चित्तच आहे. सुदैवाने दोन जागा मिळाल्या.

नेरळ ते माथेरान हे अंतर रुळाने सुमारे वीस किलोमीटर. ते कापायला गाडीला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. पायथ्यापासून सुमारे आठशे मीटर उंचीपर्यंतचा हा चढ बोगदे पाडून सरळ कापण्याऐवजी डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळणे घेत चढलेला आहे. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्थानके लागतात. एका वळणावर खाली पाहावे तर आपण अर्ध्या तासापूर्वी ज्या रुळावर होतो तोच रूळ पायाशी दिसतो. बोगदा एकच आणि तोही इतका लहान की नवपरिणितांच्या थट्टेसाठी त्याला इंग्रजीत एक नाव पडले आहे. सौ. ने त्या बोगद्यात माझ्याकडे पाहून हसत विचारले, "आठवतंय का?" मला आठवत होते. फक्त चाळीस वर्षांपूर्वी आमच्या समोरच्या बाकावर माझे मामेसासरे बसलेले होते, हेही आठवत होते.

माथ्यावरचे रान

माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी या नावाची उपपत्ती सांगतात आणि ती डोळ्यांना पटते. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील हे गाव म्हणजे सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेल्या एका डोंगराचा दाट झाडीने झाकलेला माथा. धनगर, ठाकर आणि कातकरी यांना तो पूर्वापार ठाऊक होता. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट येथे चढून आले आणि त्यांनी वस्तीची सुरुवात केली. पाच वर्षांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले आणि साहेबांच्या बंगल्यांची रीघ लागली. म्हणून आजही येथील कड्यांना लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा अशी नावे आहेत. या कड्यांना येथे सर्वजण 'पॉइंट' म्हणतात आणि त्यांची संख्या अडतीस सांगतात.

परंतु व्यापारी वाचकांनी लक्षात ठेवावे असे नाव साहेबांचे नाही. मुंबईचे दाऊदी बोहरा समाजातील व्यापारी सर आदमजी पीरभॉय हे माथेरानला वारंवार येत. नेरळहून वर चढण्याचे कष्ट त्यांनी पाहिले होते. त्यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीतून १९०४ ते १९०७ या काळात ही रेल्वे बांधली गेली. तिला सोळा लाख रुपये खर्च आला. त्या काळचे सोळा लाख! मी बँकेत असतो आणि कोणी एवढ्या रकमेचा असा प्रस्ताव घेऊन आला असता तर उत्पन्नाचा अंदाज पाहून मी तो नम्रपणे परत केला असता. काही कामे ताळेबंद पाहून होत नाहीत, हे शिकायला मला निवृत्त व्हावे लागले.

दुसरे नाव हुतात्मा भाई कोतवाल यांचे. १९१२ मध्ये याच गावातील एका नाभिक कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वकील झाला. सावकारीत पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्याच्या पेढ्या उघडल्या. गरजेला धान्य न्यायचे आणि सुगीला परत आणून भरायचे. पुढे बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात हुतात्मा झाले. तीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी केलेले ते धान्याचे बँकिंग मला आमच्या शाखांच्या कित्येक योजनांपेक्षा थोर वाटते.

गावात मोटारीला मज्जाव आहे. गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात आणि आम्ही गेलो तेव्हा पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्याने, हातरिक्षाने किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या शटल गाडीने जावे लागे. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. त्यामुळे येथे अजून जांभूळ, हिरडा, अंजन यांची सावली रस्त्यावर पडते आणि पायांखाली तांबडी माती असते. पहिल्याच तासात आमचे बूट, चपला आणि सौ. च्या साडीचा काठ एकाच रंगाचे झाले.

गाडीचा आवाज नाही म्हणजे किती आवाज ऐकू येतात! पानांची सळसळ, घोड्यांच्या टापा, माकडांची भांडणे. एका सकाळी उपाहारगृहाच्या मागच्या झाडावर शेकरू दिसले. लांब झुबकेदार शेपटी सावरत ते एका फांदीवरून दुसरीवर गेले आणि आम्ही दोघे चहा निववत उभे राहिलो.

रोजनिशीतील एक नोंद

आता मूळ गोष्टीकडे येतो.

मला १९८१ पासून रोजचा खर्च लिहून ठेवण्याची सवय आहे. निघण्यापूर्वी माळ्यावरची पेटी काढून मी १९८५ ची रोजनिशी शोधली. जुने दर आणि नवे दर यांची तुलना करून नातवंडांना गंमत सांगावी, एवढाच हेतू होता. माथेरानच्या पानावर खोलीचे भाडे, चिक्की, काठी अशा नोंदींमध्ये एक नोंद होती: 'हातरिक्षा, स्टेशन ते मुक्काम, रु. ७. (१० सांगितले.)'

कंसातील ते दोन शब्द वाचून मला सर्व आठवले. हातरिक्षा म्हणजे पुढे एक माणूस दांडी धरून ओढतो आणि मागून एक-दोघे ढकलतात, अशी गाडी. सौ. साडी सावरत त्यात बसली होती, बरोबर आमची ट्रंक होती आणि मी शेजारून चालत होतो. रिक्षावाल्याने दहा रुपये सांगितले होते. मी नवा नोकरदार आणि नवा नवरा. घासाघीस करून तीन रुपये वाचवले आणि संध्याकाळी मामेसासऱ्यांना ते अभिमानाने सांगितले. तेही कौतुकाने म्हणाले, "जावई हिशेबी आहेत." चढावर पुढच्या माणसाच्या पायाच्या पोटऱ्या ताणलेल्या मी पाहिल्या होत्या. त्याचा धापा टाकण्याचा आवाजही ऐकला होता. तरी रोजनिशीत लिहिण्याजोगे मला जे वाटले, ते तीन रुपये होते.

मी ती नोंद सौ. ला दाखवली. ती म्हणाली, "मला त्या दिवशी उतरून चालावंसं वाटत होतं. पण नवी नवरी होते, कसं सांगणार?" चाळीस वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती.

शार्लट तलावाची वाट

दुसऱ्या दिवशी आम्ही शार्लट तलावाकडे निघालो. बाजारापासून वाट बरीचशी सावलीची आहे. थांबत, बसत, काठी टेकत सौ. चालली. तलावाकाठी पिसारनाथ या ग्रामदैवताचे मंदिर आहे. तलावाचे पाणी गावाला पुरवले जाते, म्हणून त्यात उतरण्यास बंदी आहे. काठावर बसून त्या हिरव्या पाण्याकडे पाहताना मला एप्रिल २०१६ आठवला. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि टाक्यांची ती गाडी आमच्या ढोकी स्थानकावरून जाताना पाहायला अख्खे गाव जमले होते. ज्यांनी पाणी गाडीतून जाताना पाहिले आहे, त्यांना शांत पडून असलेले पाणी पाहणे हेही तीर्थदर्शनच वाटते.

तेथून पुढे लुईझा पॉइंटवर गेलो. समोर प्रबळगडाचा पहाड, खाली कोकणची पट्टी आणि मध्ये हजारो फुटांची मोकळी हवा. सौ. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हे सगळं तसंच आहे. आपणच बदललो."

परतताना मात्र तिचा गुडघा बोलू लागला. घोड्यावर बसणे शक्य नव्हते. गावात ई-रिक्षा आल्या आहेत हे वाचले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ पासून त्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या आणि पुढे त्यांची संख्या वीसवर गेली. परंतु त्या दस्तुरी नाका ते बाजार याच रस्त्यावर चालतात, पॉइंटांच्या वाटांवर नाहीत. इतक्यात मागून एक रिकामी हातरिक्षा आली. ओढणारा पंचावन्नच्या पुढचा, मागे ढकलणारा तरुण.

"बसा मावशी," तो म्हणाला. "पाय दुखतोय तुमचा. लांबून बघत होतो."

सौ. ने मान हलवली. "नको दादा. माणसाने ओढायचं आणि मी बसायचं, हे मला जमायचं नाही. मी हळूहळू येते."

तो क्षणभर थांबला. नंतर जे बोलला ते मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवले. "मावशी, सगळेच आता असं म्हणतात. दया करतात आणि चालत जातात. बरं वाटतं ऐकायला. पण सकाळपासून बोहनी नाही. तुमची दया मी घरी काय म्हणून नेऊ?"

आम्ही दोघे निरुत्तर झालो. तिचे म्हणणे खोटे नव्हते आणि त्याचेही खोटे नव्हते. ज्यांच्या घरी मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणे शिकवले जाते, त्यांना माणसाच्या खांद्यावर आपले वजन टाकणे सुचू नये, हे योग्यच. परंतु आपले मन निर्मळ राहावे म्हणून त्याची चूल थंड राहिली, तर त्या निर्मळपणाची किंमत भरली कोणी?

मी भाडे विचारले. त्याने सांगितले. माझ्या तोंडून सवयीने "जरा..." एवढे निघाले आणि सौ. ने माझ्याकडे पाहिले. मी पुढचा शब्द गिळला. अखेर तडजोड तिनेच काढली. "सपाटीला बसते, चढ आला की उतरते. आणि भाडं पूर्ण." तो हसला. "चालेल मावशी. तेवढाच आम्हालाही दम खायला वेळ."

अशा रीतीने आमची स्वारी बाजाराकडे निघाली. प्रत्येक चढावर रिक्षा थांबे, सौ. उतरे, काठी टेकत चार पावले चाले आणि पुढे पुन्हा बसे. वाटेत त्याने सांगितले की गाडीचा परवाना त्याचा नाही, दिवसाच्या कमाईतून मालकाला द्यावे लागते. पाठ दुखते, पावसाळ्यात धंदा नसतो. ई-रिक्षा चालवायला आवडेल का, असे मी विचारले. "न आवडायला काय झालं शेठ? पण ती मिळणार कोणाला? ज्याच्याकडे कागद आहेत त्याला."

'शेठ' हे संबोधन मला टोचले. मी शेठ कधीच नव्हतो. परंतु कागद मागणारा मात्र होतो.

एक जुना शेरा

मी कर्जविभागात असताना, तीसएक वर्षांपूर्वी, बाजारपेठेतील एका हमालाने हातगाडी घेण्यासाठी कर्जाचा अर्ज केला होता. आडतीत पोती पाठीवर वाहून त्याची कंबर गेली होती. हातगाडी असती तर ओझे चाकांवर गेले असते. रक्कम अगदी किरकोळ होती. मी अर्जावर शेरा मारला, 'जामीनदार नाही. परतफेडीची क्षमता साशंक.' नियमानुसार शेरा बरोबर होता. परंतु परतफेडीची क्षमता मोजताना तो रोज किती पोती उचलतो हे मी विचारले नाही, आणि त्याच्यासाठी कोणी जामीन राहील का हे पेठेतील एकाही व्यापाऱ्याला विचारले नाही. ते सर्व माझ्या ओळखीचे होते. त्यांतील दोघे नातेवाईक होते.

ज्याच्या अंगात कष्ट आहेत त्याच्याकडे कागद नसतात आणि ज्याच्याकडे कागद असतात त्याला ओझे उचलावे लागत नाही. चाळीस वर्षांच्या अनुभवाचा हा निष्कर्ष मला त्या तांबड्या वाटेवर उमगला. बाजारात उतरताना त्याने सांगितलेले भाडे दिले आणि वर काही देऊ लागलो. त्याने ते परत केले. "ठरलं तेवढंच द्या शेठ." सौ. ने मग त्याच्या सोबतच्या तरुणाच्या हातात आमच्या डब्यातील दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. ती त्याने आनंदाने घेतली.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

माथेरानला जाण्यास ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात नेरळहून सुटणारी छोटी गाडी बंद असते आणि अमन लॉज ते माथेरान ही शटल तेवढी चालते. शनिवार-रविवार टाळावेत. सामान कमी न्यावे, कारण दस्तुरी नाक्यापासून ते कोणाच्या तरी डोक्यावरून किंवा पाठीवरूनच जाणार आहे. गावात लागणारा किराणा, भाजी, गॅसची टाकी हे सर्व घोड्यांच्या पाठीवरून किंवा माणसांच्या बळावर वर येते. म्हणून येथील जिन्नस थोडे महाग वाटले तर दुकानदाराशी वाद घालण्यापूर्वी ते शेवटचे तीन किलोमीटर आठवावेत.

जेवणाची अडचण मुळीच नाही. गुजराती पाहुण्यांची वर्दळ जुनी असल्याने कांदा-लसूण-बटाट्याविना जेवण अनेक ठिकाणी मिळते. आधी सांगून ठेवल्यास सूर्यास्तापूर्वी ताटही वाढतात. मात्र सूर्यास्त पाहायला कड्यावर जाणाऱ्यांनी दशम्या-खाकरा जवळ ठेवावा, नाहीतर सूर्य पाहण्याच्या नादात जेवण राहते. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी पहाटे पॅनोरमा पॉइंटला अवश्य जावे. मी एकटाच गेलो. नेरळ-कर्जतकडील सखल प्रदेश धुक्याखाली होता आणि उजेड जसा वाढला तशी एकेक टेकडी पाण्यातून वर यावी तशी वर आली. जाता-येता दहाएक किलोमीटर चालणे झाले आणि पाय दुखले नाहीत. आपले साधुसाध्वी आयुष्यभर पायी विहार करतात. गाव आणि माणसे नीट दिसण्यासाठी पायांचाच वेग योग्य आहे, हे त्या वाटेवर पटते.

ऑगस्टमधील बातमी

आम्ही परत आलो. रोजनिशीच्या दोन पानांची गोष्ट घरात सर्वांनी ऐकली आणि विसरलीही. ऑगस्टमध्ये एका सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता मी सौ. ला हाक मारली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला होता. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षे झाल्यावरही माणसाने माणसाला ओढावे हे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असे स्पष्ट म्हटले होते. मला अधिक महत्त्वाचा वाटला तो आदेशाचा दुसरा भाग. रिक्षा ओढणाऱ्यांना वाऱ्यावर सोडायचे नाही. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करायचे आणि त्यासाठी निधी नाही ही सबब शासनाने सांगायची नाही. त्याच आदेशात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यास मुभा होती, मात्र आतल्या वाटा आणि पायवाटा मातीच्याच राहतील असे बजावले होते.

सौ. ने बातमी दोनदा वाचली. "म्हणजे आता त्यांना ओढावं लागणार नाही," ती म्हणाली. आणि लगेच, "पण त्यांच्याकडे परवाना नव्हता ना? त्यांना मिळेल का गाडी?"

हा प्रश्न न्यायालयाच्या आदेशानंतरही उरतोच. आदेश निघतो दिल्लीत, परंतु गाडी कोणाच्या हातात जाणार हे ठरते यादी करणाऱ्याच्या टेबलावर. त्या टेबलावर मी आयुष्य काढले आहे. यादीत नाव येण्यासाठी कोणीतरी 'हा माणूस मला ठाऊक आहे' असे म्हणावे लागते. आपल्या पेढ्यांवर, गोदामांत, आडतीत पाठीवर ओझे वाहणारी माणसे आजही आहेत. हमाल-माथाडींसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे, तरीही त्यांच्यासाठी हा एक शब्द बोलणारे थोडेच असतात. तो बोलायला आपल्याला सोळा लाख रुपये लागत नाहीत.

त्यानंतर लवकरच पर्युषण आले. क्षमापनेच्या दिवशी दरवर्षीप्रमाणे नातलगांना, व्याह्यांना, जुन्या सहकाऱ्यांना दूरध्वनी झाले. यादी संपल्यावर मी चष्मा काढून ठेवला. सौ. म्हणाली, "अहो, त्या रिक्षावाल्यालाही म्हणा की."

"कोणत्या? आत्ताच्या की पंच्याऐंशीतल्या?"

"दोघांनाही."

पंच्याऐंशीतील माणसाचे नाव मी विचारलेच नव्हते. आता तो असेल तर ऐंशीच्या घरात असेल. मी रोजनिशी काढली आणि त्या जुन्या नोंदीखाली, आजची तारीख घालून, 'तीन रुपये देणे' असे लिहिले. मग दोन्ही हात जोडून आम्ही दोघांनी मिळून ते दोन शब्द म्हटले.

गेल्या महिन्यात तालुक्याच्या बाजारात माझ्या पुतण्याच्या दुकानावर माल उतरवणाऱ्या एका हमालाने तीनचाकी टेम्पोसाठी कर्ज मागितले आहे. जामीनदाराच्या जागी मी सही केली आहे. पुढल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा माथेरानला जाणार आहोत. या वेळी सौ. ने आतापासूनच सांगून ठेवले आहे की दस्तुरी नाक्यावर ई-रिक्षात बसण्यापूर्वी ती चालवणाऱ्याचे नाव विचारायचे.